किल्ली आमच्या हाती द्या : छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटविषयी मागणीपत्र

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेबसाइट करून देणारे सर्व व्यावसायिक, एजन्सीचालक आणि घरून काम करणारे डिझायनर
प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी : जिल्हा उद्योग केंद्र

विषय : छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटचं नियोजन, रचना, मालकी आणि देखभाल यांबाबत.



आम्ही या किनाऱ्यावरचे छोटे व्यावसायिक, एका संघटनेचे सभासद. कुणाची दोन खोल्यांची न्याहारी-निवास, कुणाची कलमांची बाग, कुणाचा काजू बी फोडायचा घरगुती कारखाना. कुणी मे महिन्यात रातांब्यांचं आगळ घालतो, तर कुणी होडी चालवतो. १ एप्रिल २०२५ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा ‘सूक्ष्म’ समजला जातो. त्या सूक्ष्मातही आम्हाला भिंग लावून शोधावं लागेल.

गेल्या काही वर्षांत आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वेबसाइट केली. काहींची चालली, काहींची नुसतीच झाली. हे मागणीपत्र लिहायला ज्या प्रसंगाने बसवलं, तो आधी सांगतो.

आमचे एक सभासद देवगड भागातले आंबा बागायतदार. हौसेने वेबसाइट करून घेतली आणि तिचा क्यूआर कोड पेटीच्या झाकणावर छापून घेतला. गिऱ्हाइकाने कोड मारावा, बाग बघावी, पुढची पेटी तिथूनच मागवावी, असा साधा हिशोब. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “काका, तुमच्या पेटीवरचा कोड मारला तर जुगाराची जाहिरात उघडते. बरोबर आहे ना सगळं?” बरोबर काहीच नव्हतं. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ती करून देणाऱ्या मुलाच्या नावावर होतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या एका जुन्या ईमेलवर येत राहिल्या, ते कुणी उघडत नव्हतं. मुदत संपली, नाव मोकळं झालं, कुणीतरी उचललं. तोवर पेट्या पुण्याला आणि वाशीला रवाना झालेल्या. उरलेल्या पेट्यांवर बागेतल्या मांगरात बसून घरच्या चौघांनी काळ्या मार्करने तो चौकोन झाकला. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवर त्याचा उल्लेख आणि त्याला लागून काळं फासलेला कोड, अशा पेट्या त्या वर्षी विकल्या गेल्या.

तो मुलगा लबाड नव्हता. सोयीचं पडतं म्हणून त्याने स्वतःच्या नावाने खातं उघडलं, आणि आमच्या सभासदांनी विचारलं नाही. ही लढाई कुणाविरुद्ध नाही. पद्धतच चुकीची पडली आहे, ती बदला एवढंच म्हणणं आहे.

मागणी पहिली : नाव मालकाच्या नावावर

घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नावावर कोणी सातबारा करत नाही. डोमेन व्यवसायाच्या मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाईलवर नोंदवलं गेलं पाहिजे. होस्टिंगचंही तसंच. तुमच्याकडे वापरायचा अधिकार असू द्या, मालकी नको. डोमेनचा वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आसपास असतो. त्याची पावती आमच्या नावाने यावी आणि मुदतीची तारीख आम्हाला तोंडपाठ असावी, जशी विजेच्या बिलाची असते.

काम पूर्ण झालं की एक पाकीट आमच्या हाती पडावं. त्यात डोमेनच्या खात्याची माहिती, होस्टिंगची माहिती, वेबसाइट आतून बदलायचा लॉगिन आणि संपूर्ण वेबसाइटची एक प्रत पेनड्राइव्हवर. उद्या आम्हाला दुसरीकडे जायचं झालं, तर डोमेन हलवण्याचा कोड मागितल्यावर मिळाला पाहिजे, “बघतो, सांगतो” नको. शेवटचा हप्ता या पाकिटाच्या बदल्यात देऊ. तोवर नाही.

मालकीतली एक बाजू तुमच्या-आमच्या दोघांच्याही ध्यानात नसते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. पण लिहून घेतलेला मजकूर आणि प्रोग्रॅमचा कोड यांना ही सवलत नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलं तर हक्क त्याचाच राहतो, तो आमच्याकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतर लागतं. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आमचा काजूगर दुबईला जातो. तेव्हा करारात मजकूर, आराखडा आणि आमच्यासाठी खास लिहिलेला कोड यांचे हक्क, कायमचे आणि सर्व देशांसाठी, असं स्पष्ट वाक्य हवं. करार मराठीत हवा आणि दोन पानांच्या आत.

मागणी दुसरी : पहिल्या भेटीत रंग विचारू नका

या मागणीवर आमच्या सभेत सर्वांत जास्त वेळ गेला.

गवंडी घर बांधायला आला की आधी विचारतो, विहीर कुठे, पावसाचा मारा कुठून, घरात माणसं किती. वेबसाइटवाले येतात आणि विचारतात, “काका, रंग कोणता ठेवायचा? निळा चालेल?” मग दुसऱ्या कुणासाठी केलेला साचा निघतो, त्यात आमचं नाव बसतं, वरती फिरणारे तीन फोटो, खाली ‘आमच्याविषयी’, ‘आमचं ध्येय’, ‘आमची दृष्टी’. आगळ घालणाऱ्या बाईला दृष्टी कशाला विचारता? तिचं आगळ किती महिने टिकतं ते विचारा.

तारकर्लीकडच्या आमच्या एका न्याहारी-निवासवाल्या ताईंच्या वेबसाइटवर पोहण्याच्या निळ्याशार तलावाचा फोटो होता, भोवती आरामखुर्च्या. तयार फोटोंतून उचललेला. त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या, “ह्यां माझां घर न्हय रे!” बनवणारा म्हणाला, नंतर बदलू. बदलायचं राहून गेलं. दिवाळीत मुंबईहून कुटुंब आलं, मुलांनी सामान टाकलं आणि विचारलं, पूल कुठे आहे? अंगणात विहीर होती, रहाटासकट. ताईंनी पोरांना पाणी शेंदायला शिकवलं आणि वेळ मारून नेली, पण त्या कुटुंबाने जाताना लिहिलेला अभिप्राय अजून इंटरनेटवर आहे.

आमची मागणी अशी की कोणतंही चित्र काढण्यापूर्वी एक वही भरली जावी. मालकाने आठ दिवस फोनजवळ वही ठेवायची आणि गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. ताईंनी आता अशी वही ठेवली आहे. पहिल्या पानावरचे प्रश्न : गाडी अंगणापर्यंत येते का? समुद्र चालत किती मिनिटं? आईचे गुडघे दुखतात, संडास कमोडचा आहे ना? वीज गेली तर काय? आम्ही मासे खात नाही, वेगळं करून द्याल का? कुडाळ स्टेशनावरून रिक्षा किती घेते? जूनमध्ये आलो तर स्कूबा चालू असतं का?

ही वही म्हणजेच वेबसाइटचा आराखडा. जो प्रश्न जास्त वेळा आला त्याचं उत्तर पहिल्या पानावर, अंगठ्याच्या टप्प्यात. क्वचित येणारा प्रश्न आतल्या पानावर. कुणीच कधी विचारलं नाही ते, म्हणजे ध्येय आणि दृष्टी, नकोच. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर, एवढी एक ओळ पहिल्या पानावर असती तरी ताईंचे निम्मे फोन वाचले असते.

आराखडा कागदावर, पेन्सिलीने काढा. कोणतं पान, त्यावर काय, बटण दाबलं की कुठे जायचं. तो कागद मालकाला, त्याच्या बायकोला आणि शक्य असेल तर एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाला दाखवा. धंद्यातल्या खाचाखोचा बहुतेक घरांत बाईमाणसाला जास्त ठाऊक असतात आणि बैठकीला मात्र नवराच बसतो, हे आम्ही आमच्याच घरचं सांगतो आहोत. कागदावर खोडणं फुकट असतं. त्यावर सही झाली की मग रंगाचं बोलू. निळा चालेल.

मागणी तिसरी : पावसाळ्यात बंद म्हणता आलं पाहिजे

आमचा धंदा महिन्यागणिक बदलतो. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद. हापूस दोन-अडीच महिन्यांचा. गणपतीत खोल्या देता येत नाहीत, कारण घरचेच चाकरमानी येतात. तरी भर आषाढात वेबसाइटवर स्कूबाचे फोटो हसत असतात, कारण एक ओळ बदलायची तर बनवणाऱ्याला फोन करावा लागतो, तो दोन दिवसांनी उचलतो आणि पाचशे रुपये मागतो. दर, उपलब्धता, सूचना आणि फोटो या चार गोष्टी मालकाला स्वतःच्या मोबाईलवरून बदलता आल्या पाहिजेत. ते कसं करायचं हे समोर बसून शिकवणं कामाचाच भाग धरावा, आणि शिकवताना मोबाईल आमच्या हातात असावा, तुमच्या नव्हे.

मागणी चौथी : मराठी अक्षर अक्षरासारखं दिसावं

आमची पत्रकं, लेबलं, बिलं वर्षानुवर्षं गावातल्या छापखान्यात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. तोच मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की ‘कोकम आगळ’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची उसळ दिसते. त्यावर तोडगा म्हणून काही जण सगळा मजकूर चित्र करून लावतात. चित्रातलं अक्षर गूगलला नीट शोधता येत नाही, मोठं केलं तर फाटतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाकला पाहिजे. नव्याने टाइप करावा लागला तर तसे पैसे लावा, देऊ.

राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. वेबसाइटच्या मुळाशी भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तर सोय असलेले फॉन्ट ही वळणं आपोआप देतात. बहुतेक ठिकाणी इंग्रजी हीच नोंद तशीच राहून गेलेली असते. हे काम मिनिटाचं आहे. तपासणीसाठी आम्ही एक ओळ ठरवली आहे : ‘खोबऱ्याच्या वड्या, उकडे तांदूळ, काजूगर, रातांब्याचं आगळ’. साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवर ही ओळ नीट दिसली आणि ‘ऱ्या’ तुटला नाही, तर वेबसाइट उत्तीर्ण.

इंग्रजी पान हवंच, गोव्याकडून येणारे विदेशी पाहुणे आणि दक्षिणेतले पर्यटक मराठी वाचत नाहीत. पण ते मशीनवर फिरवून आणलेलं नको. एका वेबसाइटवर सोलकढीचं जे झालं होतं ते इथे लिहवत नाही. मराठी नावाचं डोमेनही घेऊन ठेवावं असं आम्ही सभासदांना सुचवतो. देवनागरीत ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं. मात्र अनेक फॉर्म देवनागरी ईमेल अजून स्वीकारत नाहीत, म्हणून दोन्ही नावं ठेवून दोन्ही एकाच पानावर न्यावीत.

मागणी पाचवी : घाटात उघडली पाहिजे

कोल्हापूरकडून येणारा पाहुणा आमचा पत्ता फोंडा घाटात शोधतो, तेव्हा त्याच्या फोनवर रेंजची एक काडी असते. मोबाईलने काढलेला फोटो सरळ चढवला तर एकेक चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो पहिल्या पानावर म्हणजे पाहुणा घाट उतरून गावात पोचतो, पान अजून गोल फिरतंच आहे. पहिलं पान सगळं मिळून एक एमबीच्या आत बसवा. फोटो लहान करून चढवणं हे डिझायनरचं काम आहे. व्हिडिओ आपोआप सुरू होऊ नये. फोन नंबर बोटाने दाबला की लागावा, नकाशाची खूण आमच्या दारात असावी, शेजारच्या वाडीत नव्हे.

मागणी सहावी : कायद्याचं पान कुणाचं तरी उचलून लावू नका

ऑनलाइन विक्री करणाऱ्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० लागू होतात. नाव, पत्ता, संपर्क, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव, माल परत घेण्याच्या अटी वेबसाइटवर असाव्या लागतात. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल. आमच्या एका सभासदाच्या अटींच्या पानात तळाशी चंडीगडच्या न्यायालयाचं कार्यक्षेत्र लिहिलेलं होतं. ते चंडीगडला कधी गेलेले नाहीत.

पाहुण्यांकडून आधारचा फोटो वेबसाइटच्या फॉर्मवर मागू नका. तो कुठे साठतो ते आम्हाला कळत नाही आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा जबाबदारी आमच्यावर टाकतो. ओळखपत्र आम्ही दारात बघू. फॉर्मवर नाव, फोन, तारीख एवढं पुरे, आणि तो भरलेला फॉर्म आमच्या फोनवर यावा. वर सांगितलेल्या ताईंचे दिवाळीचे फॉर्म बनवणाऱ्याच्या ईमेलवर जात होते, ते मार्गशीर्षात सापडले.

मागणी सातवी : दर फोडून सांगा, आणि नको असेल तर नको म्हणा

‘सगळं मिळून अमुक’ हा दर आम्हाला कळत नाही. डोमेन, होस्टिंग, आराखडा, फोटो, लेखन, पहिल्या वर्षाची देखभाल, दुसऱ्या वर्षापासूनची देखभाल, जीएसटी, असे वेगळे आकडे कागदावर द्या. दोनदा दुरुस्त्या दरात धरा, तिसरीपासून पैसे लावा. गूगलवर पहिला नंबर आणून देण्याची हमी देऊ नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

आणि बाजारपेठेतला शिंपी, गिरणीवाला किंवा पंक्चरवाला वेबसाइट मागायला आला तर त्याला खरं सांगा. नकाशावर खूण, चालू-बंदच्या वेळा, चार खरे फोटो आणि व्हॉट्सॲप एवढ्यावर त्याचं भागतं. एवढंच करून द्या आणि त्याचे रास्त पैसे घ्या. असा खरं सांगणारा माणूस आम्ही पुढच्या दहा जणांना सुचवतो.

आमच्या सभासदांकडे

मागण्या एकतर्फी नाहीत. डिझायनर मंडळींनीही आमच्याविषयी बोलावं असं बरंच आहे, आणि त्यांतल्या काहींनी चहा घेता घेता ते बोलूनही दाखवलं. आम्ही फोटो देतो म्हणतो आणि तीन महिने देत नाही. मजकूर ‘तुम्हीच काहीतरी लिहा’ म्हणून टाकतो. पहिल्या पानावर आजोबांचा फोटो, दुकानाचं उद्घाटन, आमदारांबरोबरची तसबीर आणि सत्यनारायण एकाच वेळी हवा असतो. शेजाऱ्याच्या भाच्याने दोन हजारांत केली म्हणून भाव पाडतो. यापुढे सभासद वही, फोटो आणि दरपत्रक दिल्याशिवाय काम सुरू करायला सांगणार नाहीत. दिल्यानंतर पैसे तीन हप्त्यांत, ठरल्या दिवशी. जो सभासद हे पाळणार नाही त्याची तक्रार संघटना ऐकून घेणार नाही.

जिल्हा उद्योग केंद्राकडे

तीन गोष्टी मागतो. एक, वर सांगितलेल्या कराराचा मराठी नमुना वकिलाकडून तपासून केंद्रात फुकट उपलब्ध करावा. दोन, वेबसाइटसाठी कुठल्याही योजनेतून मदत देताना ती सुरू झाल्याचा फोटो पुरेसा समजू नये. नाव मालकाचं आहे का आणि वर्षभराने वेबसाइट जिवंत आहे का, हे पाहून शेवटचा भाग द्यावा. तीन, प्रशिक्षण मार्चमध्ये ठेवू नये. मार्चमध्ये आम्ही बागेत असतो. जुलैमध्ये ठेवा, तेव्हा आम्ही घरात पाऊस बघत बसलेलो असतो.

या मागण्यांवर समोरासमोर बोलण्यासाठी आषाढातल्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता संघटनेची बैठक ठेवली आहे. डिझायनर मंडळींनी जरूर यावं. येताना आपल्या नेहमीच्या कराराची एक प्रत आणि आजवर केलेल्या वेबसाइटची यादी आणावी, त्यांतली कोणती नावं कुणाच्या नावावर आहेत याची नोंद करून. आंबा बागायतदार काकाही येणार आहेत. काळं फासलेल्या कोडाची एक रिकामी पेटी त्यांनी ठेवली आहे, ती टेबलावर असेल.

आपले,
अध्यक्ष, चिटणीस व सर्व सभासद